बाटलीवरची पट्टी

सलाइनच्या त्या बाटलीवरची पट्टी मी वाचली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चौकशीत मी म्हणालो होतो की तेव्हा बाटलीवर पट्टी नव्हतीच, नंतर लावली असेल. बायकोला सांगितलं, घाईत दिसली नाही. स्वतःलाही बरीच वर्षं तेच सांगून पाहिलं. पण पट्टी होती, तिच्यावर लाल शाईत ‘हळू’ असं लिहिलेलं होतं, आणि तो शब्द वाचून झाल्यावर मी बाटलीच्या नळीवरचा क्लॅम्प पूर्ण उघडला.

अक्षर कापगते सिस्टरांचं होतं. गेल्या महिन्यात त्या आसगावला वारल्या. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांची एक स्मरणिका निघते आहे, तिच्यात सिस्टरांवर दोन पानं लिहा असा मला निरोप आला. कारण मीही आता नर्सिंग शिकवतो, आणि वर्गात त्यांचे दाखले देतो हे कुणीतरी कुणाला सांगितलं होतं. लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत ‘मातृहृदयी’ असा शब्द आला. तो खोडला. सिस्टरांना कुणी तोंडावर मातृहृदयी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला बेडपॅन घासायला पाठवलं असतं.

हायवेला लागून एका ट्रस्टचं रुग्णालय होतं, त्याच्यामागेच नर्सिंगची शाळा. दोन्ही आता बंद आहेत, नाव लिहून उपयोग नाही. सिस्टर वॉर्डाच्या इंचार्ज होत्या आणि आम्हाला शिकवायच्याही. ठेंगण्या, रुंद हाडाच्या. आसगावकडच्या धानाच्या शेतीत वाढलेल्या. पांढरी साडी अशी खोचायच्या की जणू आत्ता भाताच्या बांधीत उतरून रोपांचा रोवणा करायचा आहे. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही उलटं, तबकडी आतल्या बाजूला. कमरेला औषधांच्या कपाटाची किल्ली. खाटेजवळ आल्या की आधी बाटलीकडे बघायच्या, मग घड्याळाकडे, आणि रोग्याकडे सगळ्यांत शेवटी. नातेवाइकांना याचा राग येई.

“माणसाले पाहा ना जी आधी,” एकदा एक म्हातारी म्हणाली.

“माणूस खोटं बोलते, थेंब नाई बोलत,” सिस्टर म्हणाल्या आणि ओठांतल्या ओठांत मोजत राहिल्या.

पहिल्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी सांगितलं, “दया ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठेवून यायची. इथी मोजता आलं पाहिजे.” नीतीचा धडा घेतला तो असा: फळ्यावर पाच वाक्यं लिहिली. रोग्याचं भलं करा. त्याला इजा करू नका. त्याला विचारून करा. सगळ्यांना सारखं करा. खरं बोला. मग पुसणी घेऊन पहिलं वाक्य पुसून टाकलं.

“हे तुमाले इतक्यात नाई भेटणार. भलं करायची खाज सगळ्याइलेच असते, अन् त्या खाजेपायीच माणसं मरतात. पहिले इजा न करणं शिका. तीन वर्षांत तेवढं जमलं तरी लय झालं.” आणि शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. “चूक केली त शिव्या खासान. लपवली त मी जगू देणार नाई. कागदाले भूक नसते, त्याले खोटं चारू नका.”

आमच्यात गभणे नावाची एक हुशार मुलगी होती. जुलाब लागलेल्या वर्षाच्या पोराच्या आईला तिने मीठ-साखरेची पुडी दिली आणि सांगितलं, ग्लासभर पाण्यात घोळून पाजा. पुडी लिटरभर पाण्याची. आईने सांगितलं तसं केलं. पोर तहानेने कासावीस झालं, पाणी दिसलं की झेप घ्यायला लागलं. सिस्टरांच्या ध्यानात आलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी वर्गात टेबलावर एक ग्लास, एक पुडी. सिस्टरांनी घोळली आणि गभणेसमोर धरली. “पी.”

गभणे रडत रडत प्याली. अर्धा ग्लास राहिला तेव्हा ओकारी आली, तर म्हणाल्या, “गिळ. पोराचं नाक दाबून पाजलं होतं त्याच्या मायनं, तुया भरवशावर.” मग तिला समोर खुर्चीवर बसवलं. दोन तास पाणी नाही. “त्या लेकराले बोलता येत नव्हतं. तुले येते. कसं वाटते ते सांगत राहा. बाकीच्याइनं लिहून घ्या.”

आम्ही लिहून घेतलं. ओठ कोरडे, जीभ जाड, डोकं दुखतं, चीड येते, खिडकीबाहेरच्या नळाचा आवाज ऐकवत नाही. शरीरात मीठ वाढलं म्हणजे काय होतं यावर माझ्याकडे आजही त्याहून चांगल्या नोट्स नाहीत. गभणेने पुढे वर्षभर सिस्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

एकदा रायपूरकडचा एक ट्रक ड्रायव्हर आणला होता, पाय चेंगरून काळा पडलेला. पाय काढायचा ठरला. डॉक्टरांनी त्याच्या मेव्हण्याची सही घेतली आणि त्याला म्हणाले, देखते हैं, कोशिश करेंगे. आम्हीही सगळे तेच म्हणत होतो. सिस्टरांनी केसपेपर पाहिला. “पाय मेव्हण्याचा आहे का?” त्यांनी मला विचारलं आणि सरळ खाटेजवळ गेल्या.

“सिस्टर, पैर बचेगा ना?”

“नहीं बचेगा. कल सुबह काटेंगे. आज देख ले उसको.”

तो थुंकला. थुंकी त्यांच्या गालावर पडली. त्यांनी बाहीने पुसली, कागद पुढे ओढला आणि लिहिलं: ‘रोग्यास सांगितले. रोगी थुंकला.’ ड्रायव्हरने आधी आईबहिणीवरून शिव्या दिल्या, नंतर आमच्याकडून वाटीभर तेल मागून घेतलं आणि दिवस मावळेपर्यंत त्या काळ्या पायाला चोळत बसला. सकाळी सही त्याने स्वतः केली. सिस्टरांशी मात्र सुट्टी होईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि त्याने बोलावं असं त्यांनीही काही केलं नाही.

माझी पाळी दुसऱ्या वर्षी आली. वॉर्डातल्या सोळा जणांचा रक्तदाब मोजून लिहायचा होता. मी सहा जणांचा मोजला आणि उरलेल्यांचा अंदाजाने लिहिला. सगळेच लिहायचे. नऊ नंबरच्या खाटेपुढे लिहिलं, एकशे वीस, ऐंशी. सिस्टरांनी कागद वाचला.

“नऊ नंबरवाला लय तब्येतीत आहे बापा. सुट्टी होऊन चार तास झाले त्याले. रक्तदाब इथंच ठेवून गेला.”

मी समजलो, एवढ्यावर भागलं. त्यांनी लाखनीला निरोप धाडला. माझे बाबा तिथे सायकली दुरुस्त करायचे. दुकान बंद करून, हाताचं ग्रीस तसंच, ते दुपारी आले. त्यांना वॉर्डात खुर्ची दिली. नऊ नंबरच्या रिकाम्या खाटेवरची उशी सिस्टरांनी उचलून माझ्यापुढे ठेवली.

“मोज.”

मी उशीला पट्टा गुंडाळला, हवा भरली, स्टेथोस्कोप कानाला लावला. पंधरा रोगी आणि त्यांचे नातेवाईक बघत होते. कुणीतरी हसलं.

“सांग बाबाले किती आला.”

“काही ऐकू येत नाही सिस्टर.”

“मंग लिवताना कसं ऐकू आलं?”

बाबा आपल्या हातांकडे बघत होते. सिस्टरांनी मला तीन वेळा मोजायला लावलं. फाटकापर्यंत मी बाबांना सोडायला गेलो. ते एवढंच म्हणाले, “बाई खरी हाय. पण तोंडानं कसाई हाय.” नंतर त्यांनी माझ्या शिक्षणाचं नाव कधी काढलं नाही. त्या दिवसानंतर शाळा संपेपर्यंत मी एकही आकडा खोटा लिहिला नाही, आणि त्या दिवसानंतर सिस्टर समोरून आल्या की माझ्या दातांवर दात बसायचे.

पास झाल्यावर त्याच वॉर्डात मला ब्रदर म्हणून घेतलं. त्याच वर्षी सानगडीची वनिता आली. तिशीतली, एका लेकराची आई. अंगाला सूज आली म्हणून गावात कुणीतरी मीठ बंद करायला सांगितलं होतं, आणि दुकानातून लघवी होण्याच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. दीड महिना ती बिनमिठाची पेज पीत होती. आणलं तेव्हा हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची. आमच्याकडे रक्तातलं मीठ मोजायचं यंत्र नव्हतं; नमुना एसटीने नागपूरला जायचा आणि दुसऱ्या दिवशी फोनवर आकडा यायचा. सोडियम एकशे चार. निरोगी माणसाचं एकशे पस्तीसच्या वर असतं.

“खायले का देत होते?” सिस्टरांनी तिच्या नवऱ्याला विचारलं. त्याचं नाव ईश्वर.

“पेज जी.”

“मीठ?”

“बंद केलं होतं. सूज मात्र उतरली जी.”

“सूज उतरली, आता बाई उतरून राहिली.”

डॉक्टरांनी खाऱ्या पाण्याची बाटली लिहिली. साध्या सलाइनच्या तिप्पटीहून खारी, दिसायला हुबेहूब साध्यासारखी. पूर्ण बाटली चोवीस तासांत द्यायची होती, मिनिटाला सहा-सात थेंब. सिस्टरांनी सकाळी दहाला स्वतः लावली. बाटलीवर उभी चिकटपट्टी लावून तिच्यावर दर दोन तासांच्या खुणा केल्या, कुठल्या वेळी पाणी कुठवर यायला हवं त्याच्या, आणि वर लाल शाईने ‘हळू’ लिहिलं. ईश्वर म्हणाला, मीठच कमी आहे तर भरभर काहून नाही देत?

“बोडीचं पाणी बांधीत एकदम सोडलं त का होते?”

“धुरा फुटते जी,” ईश्वर म्हणाला. बोडी म्हणजे शेततळं, धुरा म्हणजे शेताचा बांध.

“हिच्या डोक्यात बी धुरे आहेत. दीड महिन्यात ते बिनमिठाच्या पाण्याले सरावले. आता एकदम मीठ चढवलं त फुटतील. अन् फुटलेला धुरा मले बांधता येत नाई.”

हा दाखला मी आता दर वर्षी वर्गात देतो. पोरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतात. मागच्या वर्षी एकीने माझ्या नावाने तो स्टेटसला ठेवला होता.

बारा वाजता सिस्टरांना शाळेत तास घ्यायला जायचं होतं. त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. ती किल्ली त्या कुणाला देत नसत, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. कुणाला तरी इंजेक्शन लागणार होतं, म्हणून दिली. म्हणाल्या, “उशीच्या दिवसापासून तू खोटं लिवलं नाई. मी पाहून राहिली होती. या बाटलीले हात लावायचा नाई.”

आमच्या वॉर्डात एक रीत होती, कुठल्या पुस्तकात नाही. दोनला ड्यूटी बदलायची. त्याआधी अर्धा तास सकाळपाळीचा माणूस वॉर्डभर फिरून बाटल्या ‘बरोबरीत’ आणायचा: मागे राहिलेली जोरात सोडायची, पुढे गेलेली आवळायची, म्हणजे दोनला सगळ्या एकदम संपतात आणि दुपारपाळीला वॉर्ड कोरा मिळतो. अर्धवट बाटल्या सोडून जाणारा आळशी ठरायचा, दुपारपाळीवाले त्याला टोमणे मारायचे. ही रीत मोडायला सिस्टरांनी तोवर तिघांना वॉर्डाबाहेर काढलं होतं. “बाटली का एसटी आहे, टायमावर सुटायले?” त्यांची पाठ वळली की आम्ही पुन्हा बरोबरी करायचो.

दीड वाजता मी अकरा बाटल्या बरोबरीत आणल्या. बारावी वनिताची. मी पट्टी वाचली. खुणा पाहिल्या. मनात आलं, मिठाचं पाणी आहे, मीठ कमी आहे म्हणूनच लावलंय, लवकर गेलं तर लवकर बरी होईल. आणि मनात आलं, ही बाई प्रत्येक गोष्टीचं नाटक करते. दुसरं खरं कारण होतं. पहिलं मी नंतर शोधलं. क्लॅम्पवर अंगठा ठेवला तेव्हा मला ती उशी आठवली होती, आणि बाबांचे हात.

दोनला बाटली संपली. रिकामी बाटली हातात आल्यावर मी पट्टीवरच्या उरलेल्या खुणा मोजल्या. वीस तासांचं मीठ अर्ध्या तासात गेलं होतं. किल्ली माझ्याकडेच होती. मी कपाटातून दुसरी तशीच बाटली काढली, मोरीत थोडी ओतून दोन वाजताच्या खुणेइतकी केली, जुन्या बाटलीवरची पट्टी सोलून हिच्यावर चिकटवली, आणि थेंब सहा-सातावर आणून ठेवले. मीठ चढतच राहिलं. पट्टी चिकटवत असताना वनिताने डोळे उघडले. माझ्या बोटांकडे बघितलं.

“भाऊ, पाणी,” ती म्हणाली.

तीनला सिस्टर आल्या. मी घरी गेलो नव्हतो. त्यांनी बाटली पाहिली, मिनिटभर थेंब मोजले, कागदावर मी भरलेले तासातासाचे आकडे वाचले. “एक काम नीट जमलं तुले,” म्हणाल्या. मला त्यांच्याकडून मिळालेली ती एकमेव शाबासकी.

संध्याकाळपर्यंत वनिता उठून बसली. लेकराचं नाव घेतलं, सासूला ओळखलं. ईश्वरने माझे पाय धरले. डॉक्टर खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरहून फोन आला: एकशे एकतीस. डॉक्टर म्हणाले, वा. सिस्टर सरळ कपाटाकडे गेल्या. मग मला चादरींच्या खोलीत बोलावलं.

“एकशे चारवरून एकशे एकतीस. माया थेंबानं एवढं चढत नाई. कपाटात चार बाटल्या होत्या, एक मी लावली. आता दोन आहेत. एक कुठी गेली?”

“मला माहीत नाही सिस्टर.”

“आयक. शिव्या मंग देईन. आता सांगितलं त डॉक्टरले घाबरवता येते, उलटं साधं पाणी चढवून मीठ खाली आणता येते. आज येते. परवा नाई येणार.” त्यांनी मनगट वळवलं. “एक मिनिट आहे.”

मी त्यांच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. सेकंदाचा काटा पूर्ण फिरून आला.

“गेला,” त्या म्हणाल्या आणि दार उघडून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ऐकलं नाही. पेशंट बोलते आहे, जेवते आहे, नुसत्या बाटल्या मोजून मी इलाज बदलू का, असं म्हणाले. मी एक वाक्य बोललो असतो तर त्यांना बदलावा लागला असता.

चौथ्या दिवशी वनिताची जीभ जड झाली. मग घास उतरेना. मग हात गेले, पाय गेले. सातव्या दिवशी तिचे फक्त डोळे हलत होते. आत ती पूर्ण जागी होती, सगळं ऐकत होती. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तसं सांगितलं.

सिस्टर ईश्वरला व्हरांड्यात घेऊन गेल्या. सगळ्यांनी ऐकलं. “ईश्वरभाऊ, हे तुमच्या नशिबानं नाई झालं. आमच्या हातून झालं. मीठ झपाट्यानं चढवलं. आमच्या माणसानं, अन् तो लांजेवार आहे असं मले वाटते. त्यानं अजून कबूल केलं नाई.” लांजेवार म्हणजे मी.

चूक होण्यापेक्षा ती सांगणं ट्रस्टला जड गेलं. चौकशी बसली. मी सांगितलं, जोरात सोड असं सिस्टरच तोंडी म्हणाल्या. पट्टी तेव्हा नव्हती, त्यांनी नंतर दुसऱ्या बाटलीवर लावली असेल. किल्ली त्या कुणाला देत नाहीत, तेव्हा ती बाटलीही त्यांनीच काढली असणार, हवं तर कुणालाही विचारा. विचारलं. सगळे म्हणाले, हो, कुणालाच देत नाहीत. दुसऱ्या बाटलीवर पट्टी होतीच, आणि अक्षर त्यांचंच होतं.

तरी मला धाकधूक होती, म्हणून मी एक कागद केला. सिस्टर विद्यार्थ्यांना खारं पाणी पाजतात. आईबापांसमोर उशी मोजायला लावतात. रोग्याला पाय कापणार म्हणून तोंडावर सांगतात. त्यांच्या भीतीने आम्हाला काही विचारता येत नाही. तो कागद घेऊन मी हॉस्टेलात फिरलो. तेवीस सह्या झाल्या. पहिली गभणेची. त्या कागदात खोटं असं एकही वाक्य नव्हतं, म्हणूनच तो उपयोगी पडला.

शेवटी सिस्टरांना विचारलं, तुमचं म्हणणं काय? त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “याले मी पास केलं. तेवढी चूक माझी लिवा. बाकीची याची.”

लिहिणाऱ्याने पहिलं तेवढं लिहिलं. सिस्टरांना काढलं. ईश्वरला ट्रस्टने सांगितलं, दोषी बाईला आम्ही शिक्षा केली आहे. कामावरून काढल्याच्या अशा चिठ्ठीनंतर त्यांना दुसऱ्या कुठल्या रुग्णालयाने ठेवलं नाही.

चार वर्षांनी मी दुसऱ्या शाळेत शिकवायला लागलो होतो आणि विद्यार्थिनींना घेऊन सानगडीला घरभेटींसाठी गेलो. बाजाराचा दिवस होता. एका बाईने आपणहून सांगितलं, त्या तिकडे वनिता म्हणून आहे, तिले एका नर्सनं मातीत घातलं. आता तीच नर्स दर आठवड्याले येऊन तिचं हागणंमुतणं काढते, पापाची भीती वाटली असेल. पोरींना पिंपळाखाली थांबवून मी गेलो. ओटीवर सासू डाळ निवडत होती आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, “आली वैरीण. आमच्या घरचं पाणी पेऊ नोको म्हणा.” सिस्टर पाणी घरून आणत. बाटली उंबऱ्यात ठेवलेली होती.

आत त्या वनिताला कुशीवर वळवत होत्या. मला पाहून त्यांना काही वाटल्यासारखं दिसलं नाही. “हात धू. तिकडून कंबर धर.”

मी धरली. चार वर्षं पडून असलेल्या बाईच्या पाठीवर एकही फोड नव्हता. वनिताचे डोळे माझ्या चेहऱ्यावर आले, तिथून खाली सरकले आणि माझ्या बोटांवर येऊन थांबले. तिथेच राहिले.

“सिस्टर,” मी हळूच म्हणालो, “तुम्ही यांना परत कधी सांगितलं नाही?”

“एकदा सांगितलं. त्याइले पटलं नाई. मंग तेच सांगत बसू, का हिची पाठ पाहू?” मग दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, “ईश्वरभाऊ, इकडे या. हा लांजेवार आहे. याले तुमाले काई सांगायचं आहे.”

ईश्वर पंचाला हात पुसत आला. मला ओळखून त्याचा चेहरा उजळला. ज्याचे त्याने पाय धरले होते तो मी होतो. “बोला ना ब्रदर,” तो म्हणाला.

सिस्टरांनी मनगट वळवलं.

मी वनिताकडे पाहिलं. मग ईश्वरकडे. म्हणालो, “काही नाही भाऊ. इकडे आलो होतो, म्हटलं तब्येत पाहून जावी.”

“गेला,” सिस्टर म्हणाल्या. ईश्वरला वाटलं असेल, आपल्याला काही म्हणाल्या. माझ्याकडे पाठ करून त्यांनी पेजेची वाटी घेतली. दोन बोटांची चिमूट मीठ टाकलं, चव पाहिली. वनिताच्या नाकातल्या नळीला लावलेली मोठी सिरिंज वर धरली आणि तिच्यातून पेज सोडली, धारेने नाही, थेंबाथेंबाने. ओठ हलत होते. त्या मोजत होत्या. उंबऱ्यावरून मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

त्यानंतर वनिता दोन वर्षं जगली. शेवटपर्यंत सिस्टर जात होत्या, असं कळलं. आसगावला त्यांच्या मातीला मी गेलो नाही. ईश्वर गेला होता. बाईनं आपलं पाप फेडलं, असं तो तिथे लोकांना सांगत होता.

हे छापून आलं तरी ते सांगणं होत नाही. ईश्वर काही स्मरणिका वाचणार नाही. सानगडीला जाऊन ईश्वरसमोर उभं राहून मला तीन वाक्यं सांगायची आहेत. बाटली मी सोडली. पट्टी मी वाचली होती. दुसऱ्या दिवशी मी बोललो असतो तर वनिता वाचली असती. हे मी अजून सांगितलेलं नाही.